आपोआप आंबलेल्या रसातलं यीस्ट नेमकं कुठलं? आतापर्यंतची नोंद

या वेळचा द्राक्षरस मुद्दाम यीस्ट न घालता आंबवला. शेवटपर्यंत साखर संपवणारं यीस्ट फळावरून आलं, की आधीच्या बॅचचं पाकिटातलं यीस्ट नळ्या-भांड्यांत टिकून तेच पुन्हा कामाला लागलं, हे मला पाहायचं होतं. चवीवरून ते ठरत नाही.

डब्ल्यूएल आगारवर (कॉलन्यांच्या रंग-आकारावरून यीस्ट ओळखायचं घट्ट माध्यम) सुरुवातीला हॅन्सेनियास्पोरा या रानटी यीस्टच्या गडद हिरव्या, चपट्या कॉलन्या, अधूनमधून मेट्श्निकोविया या दुसऱ्या रानटी यीस्टच्या तांबूस. अल्कोहोल चढलं तसं दोन्ही मागे पडलं आणि फिकट, फुगीर सॅकरोमायसिस सेरेविसी उरलं. आयटीएस हा प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग. त्याच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) ८५० ते ८८० बेसच्या आसपासचा तुकडा मिळाला, तो याच प्रजातीशी जुळतो. पण पाकिटातलं वाइनचं यीस्ट आणि पावाचं यीस्टही हीच प्रजाती, त्यामुळे माझा प्रश्न तिथेच राहिला.

म्हणून डेल्टा पीसीआर. टीवाय१ आणि टीवाय२ या डीएनएतल्या जागा बदलणाऱ्या घटकांची टोकं, म्हणजेच डेल्टा, यीस्टच्या १६ गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर स्ट्रेननुसार (एकाच प्रजातीतल्या वाणानुसार) बदलतं, म्हणून तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्ट्यांचा नमुनाही बदलतो. शेजारच्या लेनमध्ये ईसी-१११८ हे पाकिटातलं वाइनचं यीस्ट लावलं होतं. बहुतेक कॉलन्यांचे पट्टे त्याच्याशी तंतोतंत जुळले. म्हणजे जुनं पाकिटातलंच यीस्ट, असं मी धरून चाललो आहे. मात्र व्यापारी स्ट्रेन एकमेकांच्या फार जवळचे असतात, तेव्हा ‘जुळलं’ म्हणजे ‘तेच’ असं छातीठोक म्हणता येत नाही. न जुळलेल्या थोड्या कॉलन्यांपैकी एकीने मात्र मला गुंतवून ठेवलं आहे.

तिची सल्फाइट (वाइनमध्ये नको असलेले जंतू मारायला घालतात ते गंधकाचं संयुग) सोसण्याची ताकद पाहिली. आम्लात आगार उकळलं तर ते नीट घट्ट होत नाही, म्हणून टार्टारिक आम्ल नंतर घातलं आणि पीएच ३.५ वर आणला. पीएच जितका कमी तितका सल्फाइटचा यीस्टला मारणारा भाग जास्त, त्यामुळे हा आकडा सैल सोडून चालत नाही. गंधकाचा वायू प्लेटमधून उडून जातो, तेव्हा प्लेट ओतल्या त्याच दिवशी वापरायच्या. पावाचं यीस्ट जिथे अडलं, तिथे ही कॉलनी आरामात वाढली.

यामागचं नेहमीचं कारण एसएसयू१ हे जनुक. सल्फाइट पेशीबाहेर फेकणारा पंप तेच बनवतं. वाइनच्या कित्येक स्ट्रेनमध्ये ८ व्या आणि १६ व्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली आहे. त्यामुळे एसएसयू१ च्या सुरुवातीला ईसीएम३४ या दुसऱ्या जनुकाचा प्रोमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा भाग) येऊन बसला आणि पंप जोरात चालू लागला. २००२ मध्ये हे तपशिलात मांडलं गेलं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गंधक वापरलं आणि यीस्टने त्याची खूण गुणसूत्रांवर उमटवून घेतली. मला हे फार विलक्षण वाटतं.

तपासणीही सोपी आहे. एक प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो डीएनएचा छोटा तुकडा) ईसीएम३४ मध्ये, दुसरा एसएसयू१ मध्ये. अदलाबदल झाली असेल तरच पट्टा उमटतो. वाइनच्या एका पाकिटातल्या यीस्टमध्ये तो स्वच्छ आला. माझ्या कॉलनीत आला नाही. त्याच डीएनएवर आयटीएसचा पट्टा येतो, म्हणजे डीएनए ठीक आहे.

आता संशय दुसऱ्या वाटेवर आहे. १५ आणि १६ या गुणसूत्रांमध्येही अशीच अदलाबदल होते आणि तिथे एसएसयू१ ला एडीएच१ या जनुकाचा प्रोमोटर मिळतो. हा शोध २०१४ चा. १६ व्या गुणसूत्रातला एक भाग उलटा बसून जीसीआर१ या जनुकाच्या प्रोमोटरशी जोडणी होण्याचा प्रकार त्यानंतर सापडला. दोन्हींचे प्रायमर मागवले आहेत. आधी एडीएच१ ची जोडी लावणार, कारण रसात यीस्ट लवकर कामाला लागण्याशी हीच अदलाबदल जोडली गेली आहे, आणि ही कॉलनी सल्फाइट घातलेल्या रसातही लवकर फेसाळते. कुणी ही जोडी वापरली असेल तर अ‍ॅनिलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान जरूर कळवा.