एका रेस्क्यूअरने माझे चार दिवस खाल्ले

आमच्या लिनक्स ब्लॉक ड्रायव्हरमध्ये (डिस्क चालवणारा कर्नलमधला कोड) डिस्कवर लिहायचं काम वर्कक्यूवर, म्हणजे कर्नलमधल्या कामांच्या रांगेवर टाकलेलं, मागे केवर्कर नावाचे कर्नलचे थ्रेड ते करतात. ५१२ एमबीच्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन) स्वॅप (मेमरी कमी पडली की पेजेस ठेवायची जागा) आमच्याच डिस्कवर ठेवून लोड दिला की सगळं गार, आणि लॉगमध्ये ते हंग टास्क रडगाणं, म्हणजे थ्रेड १२० सेकंदांहून जास्त अडकलाय असा इशारा. पहिलं कारण तासाभरात सापडलं. वर्कच्या (क्यूवरच्या एका कामाच्या) आत जीएफपी_कर्नल लावून, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने, मेमरी मागत होतो. मेमरी संपली की कर्नल पेजेस डिस्कवर लिहून जागा करायला जातो, डिस्क आमची, आणि लिहिणारे आम्हीच मेमरीसाठी ताटकळत. त्याचं जीएफपी_नोआयओ केलं, म्हणजे मेमरी मागताना डिस्कवर लिहिणं-वाचणं नको. नवा वर्कर थ्रेड जन्माला घालायलाही मेमरी लागते, म्हणून क्यूला डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेम हा फ्लॅग पण लावला, त्याने एक रेस्क्यूअर थ्रेड आधीच तयार राहतो, नवा वर्कर मिळाला नाही तर क्यूची कामं तो करतो. रिव्ह्यू पास, मी खूश.

रात्रभर टेस्ट लावली, सकाळी व्हीएम परत गार!!

सिसआरक्यू डब्ल्यूने (ब्लॉक झालेले थ्रेड दाखवणारी कर्नलची कमांड) बघितलं तर डी स्टेटमध्ये, म्हणजे ब्लॉक झालेला, आमचा एकच थ्रेड, कंप्लीशनची (दुसरं काम झाल्याच्या निरोपाची) वाट बघत बसलेला. मी दोन दिवस लॉक शोधत होतो, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) गप्प, सीनिअर म्हणाला हार्डवेअर बघ (व्हीएममध्ये कसलं हार्डवेअर बाबा). चौथ्या दिवशी वैतागून सिसआरक्यू टी (सगळे थ्रेड दाखवणारी कमांड) मारलं, त्यात वर्कक्यूची यादीपण येते, तिथे इन-फ्लाइटमध्ये (चालू कामांत) आमचं पहिलं वर्क आणि सोबत कंसात रेस्क्यूअर, आणि खाली पेंडिंगमध्ये (अजून सुरू न झालेल्यांत) आमचंच दुसरं वर्क. पहिलं थांबलंय दुसऱ्यासाठी, दुसऱ्याला चालवायला माणूस नाही, कारण अख्ख्या क्यूला रेस्क्यूअर एकच आणि तो पहिल्यात अडकलेला. दुसरं सुरूच झालं नव्हतं, मग ब्लॉक झालेल्यांच्या यादीत दिसणार कसं? मी चार दिवस अशा चोराला शोधत होतो जो घरात शिरलाच नव्हता.

आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय हो, मेमरी रिक्लेममध्ये (मेमरी मोकळी करताना) एकमेकांवर अवलंबून असलेली वर्क्स वेगवेगळ्या क्यूवर टाका, प्रत्येकाला हा फ्लॅग द्या. मी फ्लॅगची ओळ वाचून टॅब बंद केला होता.

दुसरी क्यू बनवली, पॅच जेमतेम सात ओळींचा. आमच्याकडे कंप्लीशनऐवजी फ्लश_वर्क (एखादं वर्क संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) असतं तर लॉकडेपने पहिल्याच रनला ओरडून सांगितलं असतं, तेव्हा एका वर्कमधून दुसऱ्याची वाट बघायचीच असेल तर याचा विचार करा. आणि हो, वर सांगायचं राहिलं, नोआयओ म्हणजे मेमरी मिळेलच असं नाही, फक्त मागताना आयओ सुरू होत नाही इतकंच. जे मिळायलाच हवं त्यासाठी आधीच मेमपूल (राखीव मेमरीचा साठा) बनवून ठेवा. फ्लॅगवाल्या क्यूमधून बिनफ्लॅगवाली क्यू फ्लश केली (तिची कामं संपेपर्यंत थांबलं) तर कर्नल स्वतः वॉर्निंग देतो, ती कचरा समजून दाबू नका, आमच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये ती कोणीतरी दाबलेली मला कालच सापडलीये.