तळ्याकाठची शरदातली सकाळ

उजाडता उजाडता तळ्याकाठच्या बागेत पोचले, तेव्हा पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. टिबुकल्यांची जोडी बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. पाण्यातल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून मासे धरून झाले की ती वाळवत बसावं लागतं. हिवाळी पाहुणा पांढरा धोबी हिरवळीवर शेपटी हलवत तुरुतुरु पळत होता.

मी आले होते पक्ष्यांसाठी, पण पाय अडले ते गुडघाभर गवतात. वाळक्या काडीला एक पिवळट चतुर लटकला होता, जेमतेम बोटाएवढा. बाकीचे बरेच चतुर काडीच्या टोकावर आडवे बसतात, हा मात्र उभा लोंबकळतो. पंखांवर दंवाचे थेंब होते. मी श्वास रोखून खाली बसले. थोड्या वेळाने ऊन गवतावर आलं आणि पंख थरथरू लागले. गारठ्यात उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय चतुराला झेप घेता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी असा अंगात ऊब आणतो. थरथर वाढली, थेंब उडाले आणि काडी रिकामी झाली.

हा पँटाला फ्लॅव्हेसेन्स, जगातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या प्रवासी कीटकांपैकी एक. मालदीवच्या बेटांवर गोडं पाणी नावापुरतंच, तरी दर ऑक्टोबरात यांचे थवे तिथे उतरतात. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून निघून वाऱ्याच्या साथीने थेट पूर्व आफ्रिका गाठतात. साधारण त्याच दिवसांत अमूर ससाणेही हा समुद्र ओलांडतात आणि वाटेत हेच चतुर खात असावेत, असं मानलं जातं. एवढ्याशा जिवाच्या भरवशावर ससाण्याने समुद्रात झेपावायचं! हे वाचलं तेव्हापासून चतुर दिसला की मला पुढे जाववत नाही.

रुईच्या झुडपावर बिबळ्या कडवा निवांत बसला होता. त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते आणि त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून बहुतेक पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत.

चतुरांना ती सूट नाही. ऊन चढलं तसे वीसेक चतुर पाण्यावर घिरट्या घालू लागले आणि काठच्या निष्पर्ण फांदीवर वेडा राघू येऊन बसला. सूर मारून गेला आणि चोचीत पिवळा चतुर घेऊन परत त्याच फांदीवर. दोनतीनदा फांदीवर आपटला, मान मागे टाकली, गिळला. एक पंख गिरक्या घेत खाली आला.

तो उचलून तळहातावर घेतला. पंख काचेसारखा आरपार, टोकाजवळ छोटासा रंगीत ठिपका. तरंगत उडताना पंख फडफडू नये म्हणून तेवढ्या जागी वजन असतं. फुंकर न घालताही तो हातावरून उडून गेला. फांदीवरचा राघू पुन्हा पाण्याकडे मान वळवून बसला होता.