निकालाच्या टक्क्यांआधी पट बघा

लहान गावातल्या सरकारी हायस्कूलचा निकाल ९५ टक्क्यांवरून ८२ वर आला की लगेच बोललं जातं, शाळा बिघडली. त्याआधी परीक्षेला किती मुलं बसली होती ते विचारा. २० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के. समजा, प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता ९० टक्के आहे. शिक्षक तेच, शिकवणंही तेच. तरी एखाद्या वर्षी १६ पास होतील, एखाद्या वर्षी वीसच्या वीस. ८० ते १०० टक्क्यांमधलं हे खालीवर होणं निव्वळ योगायोगाचं असू शकतं.

म्हणून तीन वर्षं एकत्र धरा, पण टक्क्यांची सरासरी काढू नका, मुलं मोजा. २० पैकी १९, २२ पैकी १८, २४ पैकी २१, म्हणजे ६६ पैकी ५८, सुमारे ८८ टक्के. हा आकडा जरा भरवशाचा.

खरी मेख मात्र छेदात असते. नववीत ४८ मुलं होती, दहावीच्या परीक्षेला ३६ बसली, ३४ पास झाली. निकाल ९४ टक्के, सगळीकडे पेढे. मधल्या १२ मुलांचं काय झालं? प्रवेशाचं रजिस्टर उघडा. नावावर रेघ मारलेली असते आणि शेवटी शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. समजा, ५ जणांपुढे दाखला नेल्याची नोंद आहे आणि ती दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची खात्रीही झाली आहे. त्यांना वगळा. उरलेल्या ७ जणांपुढे रकाना कोरा आहे. ती गळती. आता ४३ पैकी ३४, म्हणजे ७९ टक्के. कच्ची मुलं परीक्षेआधीच गळाली तर निकाल वाढतो, आणि ते यश म्हणून मिरवलं जातं हे फार वाईट आहे.

हे करताना नापास होऊन त्याच वर्गात राहिलेली आणि मध्येच आलेली मुलं वेगळी काढा, नाहीतर एकच मूल दोनदा मोजलं जातं. आणि पटावरचं नाव म्हणजे वर्गातलं मूल नव्हे. एका साध्या दिवशी दुपारच्या तासाला डोकी मोजून पटाशी ताडून बघा.

पुढच्या वर्षीच्या पटाचा अंदाज बांधणं त्यामानाने सोपं. गावातली आठवीची मुलं पुढच्या वर्षी आपल्या नववीत किती येतात, त्याचं गुणोत्तर काढा. ६० पैकी ५१ आली तर ०.८५. तीन-चार वर्षांचं सरासरी गुणोत्तरही तेवढंच निघालं आणि यंदा आठवीत ५५ असतील, तर साधारण ४७ येतील. आणखी लांबचं बघायचं तर गावातल्या जन्मनोंदी काढा. आज जन्मलेलं मूल नववीत यायला साधारण १४ वर्षं लागतात. जवळ नवी शाळा निघाली, बसची फेरी बंद झाली किंवा कारखान्याला टाळं लागलं, की जुनं गुणोत्तर टाकून द्यायचं.

पट घटला की शिक्षक कमी होतात, मग गणितवाल्यालाच विज्ञानही घ्यावं लागतं, आणि ज्यांना परवडतं ते पालक मुलांना बाहेरगावी घालतात. त्यात बहुधा चांगले गुण मिळवणारी मुलंही जातात, त्यामुळे पुढचा निकाल शिकवणं न बिघडताही खाली येतो. तो तपासायचा तर याच मुलांचे आठवीतले गुण शेजारी मांडा. तिथे ४० च्या आसपास असलेली मुलं दहावीत ५५ वर पोचली असतील आणि दोन्ही परीक्षांची काठिण्यपातळी सारखी असेल, तर शिक्षकांनी काम केलंय, निकाल ८२ टक्के लागला तरी.