काळी एकसाठी अर्धा स्वर खाली: झाडीपट्टीच्या हंगामातली बासची नोंद

दिवाळीत माझा चारतारी बास गिटार अर्धा स्वर खाली उतरवला, आणि आता होळी आली तरी तो परत वर चढवलेला नाही. चढवणारही नाही. या हंगामात काय बदललं, काय जमलं आणि कशावर अजून हात बसायचा आहे, ते बासवाल्या मंडळींसाठी सविस्तर लिहितो. आपल्याकडे बास वाजवणारे विखुरलेले आहेत. एखाद्या तालुक्यात एक भेटला तरी खूप. त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याच्या कानावर जातच नाही.

आधी मी वाजवतो कुठे ते सांगतो: पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. धान कापून झालं, भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडईच्या रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. संगीत सगळं जिवंत: ऑर्गन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड, कॅसिओ आणि आता काही ठिकाणी बास. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव बाहेर पोचलं, पण पिटात बसणाऱ्या वाजवणाऱ्यांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. नाटकाव्यतिरिक्त मी भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि अधूनमधून खंजिरी भजनाला साथ करतो.

वाद्य यामाहाचं टीआरबीएक्स १७४ आहे. चौतीस इंची स्केल (तारेची वाजती लांबी), मानेकडे दुभागलेला प्रिसिजन पिकअप, ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात तिकडे, जॅझ पिकअप (पिकअप म्हणजे तारेचा आवाज उचलणारं चुंबक-वेटोळं), बॅटरी नाही. बॅटरी नाही हे आमच्याकडे मोठं सुख. रात्री दोन वाजता नऊ व्होल्टचा सेल कुठे शोधणार?

कार्तिक: पट्टीचा हिशेब

आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातात. भीमगीतांचे शाहीरही बहुतेक वेळा तिथेच. बास नेहमीसारखा ई, ए, डी, जी असा लावला की काळी एकच्या सा साठी हा हिशेब होतो: मोकळी (बोट न दाबता वाजवलेली) ई म्हणजे कोमल गंधार, ए म्हणजे कोमल धैवत, डी म्हणजे कोमल रिषभ आणि जी म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध स्वरांच्या गाण्यात चारपैकी एकही मोकळी तार उपयोगाची नाही. उलट बोट जरा सैल पडलं आणि मोकळी तार चुकून बोलली, तर ती नेमकी बेसूरच बोलणार.

चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या की चित्र पालटतं. जाड तारेपासून मोजलं तर काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन. म्हणजे तिसरी तार मोकळी सोडली की षड्ज, तिच्या शेजारची जाड तार मोकळी सोडली की मंद्र पंचम. रिषभ आणि मध्यमही मोकळ्या तारांवर. डावा हात पूर्ण मोकळा राहतो आणि मिंड घ्यायला, तारा दाबून धरायला वापरता येतो. स्त्रीपात्राचं गाणं काळी चारला आलं तर तिथेही सा, म, प मोकळे मिळतात. पांढरी एकची गाणी आली की हा फायदा जातो, हे खरं. पण आमच्या संचात ती कमी.

कोणी विचारेल, चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवून काळी एक वाजतेच की. वाजते. ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर सा, ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर पंचम, आकृती सोपी आहे आणि मी अनेक वर्षं तशीच वाजवली. पण नाटकात पट्टी अचानक बदलते. नट आपला सूर बदलून उठतो, ऑर्गनवाले दादा बोटांनी खूण करतात, आणि तेवढ्यात हात हलवायचा असतो. अशा वेळी मोकळ्या तारेवर सा धरून ठेवता येतो आणि डावा हात पुढची जागा शोधतो.

तारा उतरवण्याला किंमत आहे. ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो. माझ्याकडे ४५ ते १०० चा (जाडी इंचाच्या हजारांश भागात) संच होता, तो सैल पडून फ्रेटवर खडखडायला लागला. मग ५० ते १०५ चा संच लावला. जाड तारेवर ताण जवळजवळ पूर्वीइतका आला, बारीक तार मात्र पूर्वीपेक्षा थोडी कडक झाली. मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या (तिला 'नट' म्हणतात) खाचेत जाड तार नीट बसत नव्हती म्हणून जुन्या तारेनेच खाच हळूहळू रुंद केली. मग ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारा आतला लोखंडी दांडा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट मला मानवते. एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नका आणि रात्रभर थांबून मगच पुन्हा मोजा. लाकडाला वेळ लागतो.

मार्गशीर्ष: डग्ग्याची जागा

या हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे झालं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ढोलकवाले काका पहिल्याच प्रयोगानंतर म्हणाले, "तुयी तार माया घुमारा खाऊन रायली गा, बाबू." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. काळी एकचा माझा सा सुमारे ६९ हर्ट्झवर बोलतो. ढोलकाच्या डाव्या पुडीचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा त्याच मोहल्ल्यात फिरतो. शिवाय डग्गा एका जागी थांबत नाही, मनगटाच्या दाबाने तो वर सरकतो. माझा लांब ओढलेला सा त्याच्या खाली ताटकळत राहिला की दोन्ही पुसले जातात.

पाश्चात्त्य बँडमध्ये बास आणि किक ड्रम एकत्र पडतात. किक क्षणात संपतो, म्हणून बासला स्वर ओढायला जागा मिळते. आपल्याकडे डग्गा स्वतःच गातो. तेव्हा बासने काय वाजवायचं यापेक्षा कधी थांबायचं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या हंगामात मी रियाज केला तो मुख्यतः स्वर तोडण्याचाच.

केरवा घ्या: धा गे ना ती, ना के धी ना. डग्गा उघडा बोलतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. पाचवी-सहावी मात्रा खालीच्या बाजूची, तिथे डग्गा बंद. मी समेवर सा ठेवतो पण आखूड, गे यायच्या आत तोडतो. पाचव्या मात्रेवर मंद्र पंचम, आणि तो मोकळेपणाने सहावी भरून जाऊ देतो. सातव्या मात्रेचा धी यायच्या आधी हात तारेवर. एवढंच. अंतरा चढला की सातव्यावर एखादा शुद्ध निषाद टेकवून समेवर यायचं, पण काकांनी त्या आवर्तनात काही वेगळं काढलं असेल तर तेही नाही. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा पुरते. भजनी ठेक्याला मात्र मला अजून समाधानकारक मार्ग सापडलेला नाही. खंजिरीच्या झांजा वर इतकं भरून टाकतात की खाली एक साधा, संथ सा-प धरला तर छान वाटतो, पण लय चढत गेली की तोच जड होतो. द्रुत भागात सध्या मी पूर्ण थांबतो.

मोकळ्या तारा वापरल्या की त्या बंद करण्याचं काम दुप्पट होतं, हे अर्धा स्वर खाली उतरवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं. दाबलेला स्वर बोट उचललं की मरतो, मोकळी तार आपणहून मरत नाही. उजव्या हाताचा अंगठा मी पिकअपवर टेकवून ठेवत नाही. तो तारांवरून खाली-वर सरकत राहतो आणि वाजत नसलेल्या जाड तारा झाकतो. बारीक तारा डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेने झाकायच्या. आमच्या गावची पोरं बासवादक मोहिनी डेचे व्हिडिओ दाखवतात आणि तसं स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवा म्हणतात. तिच्या हाताचा वेग अचाट आहेच, पण मी पुन्हा पुन्हा पाहतो ते तिचा डावा हात तारा कशा गप्प करतो ते. इतक्या वेगातही एक जास्तीची तार बोलत नाही.

मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमर्सनकडूनही एक गोष्ट घेतली. तो सपाट गुंडाळीच्या तारा वापरायचा, त्या क्वचितच बदलायचा आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा. १९५१ च्या पहिल्या फेंडर प्रिसिजनवर ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा बसवलेलाच यायचा, तार लवकर थांबावी म्हणून. मी गादीच्या फोमची बोटभर पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवली. सा पडतो आणि लगेच विरतो, तबल्याच्या शेजारी शोभतो. काकांनी त्या रात्री मागे वळून मान हलवली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

पौष-माघ: भोंगे, बेस आणि गुणगुण

आता अडचण. फोम लावून जो आवाज बेसच्या पेट्यांवर (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर) सुंदर लागतो, तो भोंग्यांवर नाहीसा होतो.

अजून कितीतरी गावांत मंडपाच्या चारही कोपऱ्यांवर भोंगे असतात. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर टाकत नाही. माझा सा ६९ वर, पंचम ५२ वर. म्हणजे मूळ स्वर भोंग्यातून निघतच नाही. तरी माणसाला बास ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर कानावर पडले की खालचा मूळ स्वर मेंदू आपोआप जोडतो. त्यासाठी ते उपस्वर मुळात वाजले पाहिजेत. फोम नेमके तेच गिळतो.

म्हणून माझ्या आता दोन रीती आहेत. भोंगे असतील तर फोम काढायचा, ब्रिजजवळ नखाच्या कडेने थोडं जोरात छेडायचं, टोन पूर्ण उघडा, आणि जमेल तिथे वरच्या सप्तकातला सा घ्यायचा. अठरा इंची बेस असतील तर फोम लावायचा, मानेकडे बोटाच्या गादीने छेडायचं, टोन अर्ध्यावर. गावात शिरताना आधी खांबाकडे पाहतो आणि तिथेच ठरवतो.

एका साऊंडवाल्या भावाने विचारलं होतं, "कॅसिओमंदी बास हाये ना, मंग हे कायले?" प्रश्न रास्त आहे. कॅसिओचा बास ठरलेल्या ठेक्यात चालतो. नटाने ओळ लांबवली, प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला, ढोलकाने लय जरा मागे ओढली, की तो सोबत येत नाही. त्याच रात्री त्या भावाने दुसऱ्या अंकात माझी फेडर स्वतःहून वर केली.

पाचतारी घ्या असंही काही जण सुचवतात. तिची सगळ्यात खालची तार ३१ हर्ट्झच्या आसपास बोलते. आमच्या मंडपांतल्या पेट्या तिथपर्यंत उतरत नाहीत, उतरल्या तरी नुसता गडगडाट. ज्यांना चांगला हॉल आणि चांगली यंत्रणा मिळते त्यांनी जरूर घ्यावी. इथे चार तारा पुरतात.

गुणगुणीबद्दल थोडं. आपली वीज ५० हर्ट्झची. काळी एकचा मंद्र पंचम ५१.९ चा. अर्थिंग नसलेल्या लाइनवर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा, माझ्याकडे जॅझ) पिकअप गुणगुणायला लागला की ती गुणगुण आणि माझा पंचम एकमेकांवर आपटून सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे देतात. पंचमच डगमगतो असं वाटतं, गायकही बिचकतो. जनरेटरवर तर गुणगुण स्वतः वर-खाली सरकते. जॅझ पिकअप पूर्ण बंद करून फक्त प्रिसिजन पिकअपवर आलं की हा त्रास जातो. १९५७ पासून त्या पिकअपची दोन अर्धुकं उलटसुलट गुंडाळलेली असतात आणि बाहेरची गुणगुण ती आपसात खोडतात. डीआय बॉक्सवर (बास थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर मिक्सर आणि अँपमधली गुरगुरही थांबते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. ओल्या धानाच्या बांधीत मंडप असतो, हातात लोखंडी तारा असतात, समोर माइक. जीवाशी खेळ नको.

फाल्गुन: आता

प्रयोग संपत आले. पुढे १४ एप्रिल. जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली आहे, दोन शाहीर काळी एकचे आणि एक ताई काळी चारची, म्हणजे बास आहे तसाच राहणार.

उन्हाची तयारी आत्ताच करतोय. ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोचायला लागतात. पण आमच्याकडे खरा घात करतो तो कुलर. घरात दमट गार हवा, दाराबाहेर भट्टी, आणि बास दिवसातून अनेकदा आत-बाहेर. मान एकदा फुगते, एकदा सुकते. त्यामुळे उन्हाळ्यात बास कुलरच्या खोलीत ठेवत नाही. मधल्या खोलीत, भिंतीपासून दूर, केसमध्ये बंद. कौलाखालच्या माळ्यावर तर अजिबात नाही. कार्यक्रमाच्या गावी पोचल्यावर केस उघडून अर्धा तास तसाच ठेवतो आणि मगच सूर लावतो.

रियाजाला सध्या दोनच गोष्टी घेतल्या आहेत. एक, केरव्यात पाचव्या मात्रेचा पंचम सातव्याच्या नेमका आधी तोडणं, लय कितीही चढली तरी. मध्य लयीत हात बसला आहे, द्रुत लयीत अजून तार केसभर उशिरा थांबते. दुसरं, खंजिरी भजनाचा द्रुत भाग. कोणी खंजिरीसोबत नियमित बास वाजवत असेल तर द्रुतमध्ये तुम्ही काय धरता ते मला ऐकायचं आहे. अमरावती-मोझरीकडच्या मंडळींकडे याचं उत्तर असावं असं मला वाटतं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंगही चालेल, फक्त खंजिरीच्या अगदी शेजारी फोन ठेवू नका, बास दबून जातो.