पद्मिनी अपडेट: घाटात बंद पडायचं कारण एकदाचं घावलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलेलं की माझी ९६ची प्रीमियर पद्मिनी गाडी साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट चढली की वीसेक मिनिटांत आचके न देता गपकन बंद पडते, सेल्फ झकास फिरतो पण गाडी काय उचलत नाही, आणि अर्धा तास थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. गावात पोवई नाक्यापर्यंत भाजी आणायला नेली तर एकदम गुणी.

अण्णांचं पहिल्यापासून एकच, "पेट्रोल उकळतंय रं, एसी पंपावर ओलं फडकं टाक." (नवीन लोकांसाठी, एसी पंप म्हणजे इंजिनवरचा पेट्रोलचा पंप, थंड हवेशी त्याचा काय संबंध नाही.) तर मी दोनदा फडकं टाकलं, दोन्ही वेळा गाडी चालू झाली आणि मीपण मान डोलावली. पण फडकं भिजवा, थांबा, चहा प्या, यात अर्धा तास जातोच की राव, मग चालू कशानं झाली, फडक्यानं का थांबण्यानं? त्या नादात कॉइलपण (प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवते ती) बदलून बसलो, पैसे गेले.

म्हणून रविवारी मुद्दाम बंद पाडायलाच निघालो. घरीच टेस्ट लॅम्प बनवलेला, ५ वॅटचा जुना बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. बोगद्यातून वर लागलो, आणि यवतेश्वरच्या अलीकडं बाईसाहेब वेळेवर बंद. गाडी कडेला, मागच्या चाकांना दगड, फडकं डिकीतच.

आधी एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटर ओढला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची मस्त धार. म्हणजे पेट्रोल आहे, अण्णा बाद. मग कॉइलची मधली जाड वायर बॉडीपासून पाचसहा मिमीवर इन्सुलेटेड पकडीनं धरली आणि भाच्याला सेल्फ मारायला लावला, एक ठिणगी नाही. (हातानं धरू नका, मी एकदा धरलीय.)

आता खरी मजा. लॅम्पचा एक चिमटा कॉइलच्या मायनसला, दुसरा बॉडीला. इग्निशन चालू ठेवून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच) उघडा असला तर बल्ब लागला पाहिजे, मिटला की विझला पाहिजे, सेल्फ मारताना लुकलुकला पाहिजे. आपला बल्ब ठार विझलेला. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटतो त्याची) कॅप काढून पॉइंटमध्ये लग्नपत्रिकेचा तुकडा घातला म्हणजे मिटायचा प्रश्नच नाही, तरी बल्ब विझलेलाच. मायनसकडचा करंट पॉइंट सोडून दुसरीकडूनच बॉडीत उतरत होता. पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरची वायर सोडवली आणि बल्ब भक्कन पेटला!! भाचा म्हणतो, "मामा, एवढंसं डबडं?"

एवढंसंच. पॉइंट उघडताना करंट या कंडेन्सरमध्ये शिरतो म्हणून पॉइंटवर ठिणगी उडत नाही आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळून प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. तेच आतून बॉडीला शॉर्ट झालं की पॉइंट उघडून उपयोग काय.

आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे हा कंडेन्सर तीन महिन्यांपूर्वीच ट्यूनिंग करताना मी नवा टाकलेला, दुकानातला बिनछापाचा, आणि नवा आहे म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. जुना डिकीत पडून होता, तोच रस्त्यावर बसवला, एक स्क्रू एक वायर, पाच मिनिटं. सरळ कासपर्यंत गेलो, तिथं दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, परत आलो, काही नाही.

घरी त्या नव्याला मल्टिमीटर लावला, थंड असताना एकदम ओके. बायकोचा हेअर ड्रायर मारला तर चारेक मिनिटांत रीडिंग धपकन शून्याजवळ, म्हणजे तापला की आतून शॉर्ट. अण्णांना दाखवलं, तर म्हणे, "असंल, पण फडकं ठेव गाडीत."

पॉइंट थोडे जळलेत, पॉलिश पेपर मारून गॅप ०.४५ मिमी ठेवलाय, नवे मिळाले की टाकतो. आता डाव्या दारातून पाणी येतंय त्याचं बघायचंय, कुणाकडं चांगला रबर असंल तर कळवा.