वकीलपत्र की साक्ष

भोसरीतल्या एका कारखान्याविरुद्ध माझ्याकडे ग्रॅच्युइटीचे काही दावे चालू आहेत. आता सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण ही सगळी माणसं तिच्याआधीच कामावरून गेलेली, त्यामुळे 1972 चाच कायदा. सलग पाच वर्षं नोकरी झाली की दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, मग राजीनामा दिलेला असो की निवृत्ती. कामगारांना हे खरंच वाटत नाही. ‘मॅडम, राजीनामा मीच दिला’ हे कबूल करताना त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा होतो. दुसरी भीती व्हाउचरची. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, वर टाइप केलेलं: ‘पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला, काहीही येणे बाकी नाही.’ अशा सहीने ग्रॅच्युइटीचा हक्क बुडत नाही, कलम 14 त्यासाठीच आहे. तरी निम्मे लोक या एका कागदापायी वर्ष-वर्ष वकिलाकडे फिरकतच नाहीत.

या कारखान्याची शक्कल मात्र व्हाउचरच्या पुढची. माणूस त्याच मशिनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली, पण दर चार वर्षांनी ठेकेदार बदलतो, म्हणजे कागदावर. माझ्या एका अशिलाची नोकरी सतरा वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून अठरा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16,900. भागिले 26 (कायद्यात महिना 26 दिवसांचा धरतात), गुणिले 15, गुणिले 18: 1,75,500 रुपये, आणि त्यावर उशिराचं सरळव्याज दहा टक्के. पण पीएफच्या पासबुकात सुरुवातीपासून नुसते ठेकेदारच, आणि एकाकडेही पाच वर्षं भरत नाहीत. कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या एचआर मॅनेजरची उलटतपासणी मी घेतली. शपथपत्रात त्यांनी लिहिलं होतं की सगळे ठेकेदार स्वतंत्र आहेत. मी विचारलं, यांची ऑफिसं कुठे आहेत? माहीत नाही म्हणाले. करारांच्या प्रती पुढे ठेवल्या. सगळ्यांवर पत्ता एकच, गाळा नंबरसकट. ‘हो, पत्ता सारखा दिसतो’, एवढंच उत्तर आलं. माणूस हुशार. एक शब्द जास्त बोलला नाही.

तोच माणूस परवा माझ्या ऑफिसात आला. हातात प्लास्टिकची फाइल. मी सवयीने ‘बसा साहेब’ म्हणाले. त्यांनाही काढलं होतं. अकरा वर्षं आठ महिने नोकरी, आणि शेवटच्या दिवशी पुढ्यात तेच व्हाउचर. मजकूर त्यांनीच कधीकाळी तयार केलेला, त्यावर निमूट सही केली, कारण नाहीतर रिलीव्हिंग लेटर अडवलं असतं. हिशोब करून आणला होता: पगार 52,000, ग्रॅच्युइटी 3,60,000. मी कागद पाहिला. 26 ने भागलं होतं. ज्या थोड्या कामगारांना याच साहेबांनी ग्रॅच्युइटी दिली, त्यांच्या व्हाउचरवर भागाकार 30 ने केलेला आहे, म्हणजे रक्कम कमी. ती व्हाउचरं माझ्या कपाटात आहेत. मी काही बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण ते कागदाकडे बघत राहिले.

कायदा त्यांच्या बाजूने आहे, यात शंका नाही. नोकरीवरून काढल्याबद्दल ते कामगार न्यायालयात जाऊ शकत नाहीत, व्यवस्थापनातला माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. ग्रॅच्युइटी मात्र मॅनेजरलाही असते. हे समजावून सांगत होते तेवढ्यात ते म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या त्या केसेसमध्ये हजेरीचं जे मशिन...’

‘थांबा. पुढे बोलू नका.’

माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण ज्युनिअरने मान वर केली. त्यांना सांगितलं, मी तुमचं वकीलपत्र घेतलं तर तुम्ही जे सांगाल ते माझ्यापाशीच राहणार, दुसऱ्या कुणाच्या केसमध्ये मला वापरता येणार नाही. आणि ते कोर्टात सांगायची तयारी असेल तर तुमचं वकीलपत्र मी घेऊ शकत नाही. एक काय ते ठरवा.

ते खाली जाऊन चहा पिऊन आले. वर येऊन विचारलं, ‘माझे पैसे वकिलाशिवाय निघतील?’ निघतील. ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे द्यायचा नमुना ‘एन’चा अर्ज स्वतः भरता येतो. तो भरण्यात काही गुप्त नव्हतं. ज्युनिअरने समोर कोरा अर्ज ठेवला, त्यांनी एकही खाडाखोड न करता भरला. ग्रॅच्युइटीचे दावे नाकारायची पत्रं इतकी वर्षं त्यांनीच लिहिली. जाताना दारात उभे राहून म्हणाले, ‘समन्स काढा. स्वतःहून नाही येणार मी. समन्स आलं तर यावंच लागतं.’

आता प्रश्न माझा. गेटवरचा सुरक्षारक्षक घाबरतो, सुपरवायझर अजून नोकरीत आहे. आतलं सांगणारा हा एकच. पण ते पिंजऱ्यात उभे राहिले की समोरचे वकील त्यांचंच शपथपत्र काढणार: तेव्हा खोटं बोललात की आता? वर ‘काढून टाकल्याच्या आकसापोटी साक्ष देत आहे’ असं लेखी म्हणणंही येणार, आणि हे वाक्य याच साहेबांच्या मसुद्यांतून मला पाठ आहे. खोट्या शपथेची टांगती तलवार त्यांच्यावर आहे ती वेगळीच. त्याबद्दल दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या, असं मी दारातच सांगितलं. घेतला की नाही कोण जाणे. कदाचित माणसाला न बोलावता नुसतं हजेरीच्या मशिनचं रेकॉर्ड हजर करायचा अर्ज देणं बरं. पण ‘मशिन बिघडलं, डेटा उडाला’ हे उत्तर मी आधीच लिहून देऊ शकते. तेव्हा ते कुठे ठेवतात हे सांगणारा पुन्हा हाच.

माझ्या अशिलाला फोन करून सगळं सांगितलं, केस त्याची आहे. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग विचारलं, ‘त्यांचे किती निघतात?’ मी आकडा सांगितला.

‘बारा वर्षांचे?’

‘पगारावर असतं ते.’

‘असू दे. पण त्यांना बोलवायचं का, ते घरी विचारून सांगतो.’

समन्सचा अर्ज टाइप करून ठेवला आहे. पुढच्या तारखेच्या आत त्याचा फोन यायला हवा.