आली एकदाची छापून!

तीन वर्षं लिहिलेली कादंबरी प्रकाशकाकडे आठ महिने पडून, फोन केला की "वाचतोय हो, जरा दम धरा", आणि होकार आला तेव्हा मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात सिग्नलला उभा. वाटलं झालं आता, पण खरी गंमत पुढेच, माझी फाइल युनिकोडमध्ये (मोबाइलवर चालतं ते टायपिंग), त्यांचं डीटीपी, म्हणजे पानांची जुळणी, श्रीलिपी या वेगळ्या पद्धतीच्या फॉन्टात, कन्व्हर्ट करताना जोडाक्षरांची पार वाट लागली, म्हणून प्रुफं तीनदा वाचली (डोळे गेले राव). वर पानं भरली २१४, फॉर्म (एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा) १६ पानांचा, म्हणून पानं सोळाच्या पटीत हवीत, तर म्हणे सहा पानं कापा, २०८ मध्ये बसवू. आजीचा अख्खा प्रसंग उडवला, अजून चुटपुट लागते. आवृत्ती ५०० प्रतींची. पहिली प्रत आईला दिली, तिने आधी किंमत बघितली.